सभ्य माणसाचा डावा हात

मागून कुणी घाईत येत असेल तर आपण डावीकडे सरकावं, डावा हात वर करावा आणि "जा बाबा, पुढे जा" अशी खूण करावी, या एका तत्त्वावर मी आयुष्याची एकसष्ट वर्षं काढली. रस्त्यावर हेच केलं, कचेरीत हेच केलं. बढतीच्या वेळीसुद्धा माझ्या मागून आलेली तीन माणसं अशीच पुढे गेली. तक्रार नाही. पण गेल्या ऑक्टोबरात याच हाताने मी एक रुग्णवाहिका धावायला लावली, आणि बावीस मोटरसायकली व नोरीन हॅलिगनचं अकरा वर्षांचं स्वप्न एका झटक्यात जागच्या जागी थांबवलं. तेव्हापासून साधी टॅक्सी थांबवायची झाली तरी मी आधी दोनदा विचार करतो.

नोरीन आमच्या गुरुवारच्या सायकल मंडळीतली. मंडळी म्हणजे तिघंच. मी मर्विन टॅपस्कॉट, शायर कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या तालुक्याच्या, परवाना खात्यातून एकतीस वर्षांनी निवृत्त. दुसरा रेन्झो बोर्तोलुसी, ज्याच्या बापाने या खोऱ्यात तंबाखू पिकवला आणि जो स्वतः बिअरला लागणारे हॉप्स पिकवतो आणि दोन्हींबद्दल सारखीच कुरकुर करतो. आणि नोरीन, सहासष्ट वर्षांची, अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवलेली. आमच्या खोऱ्यातली आगगाडी बंद पडली, रूळ उखडले गेले आणि त्या जागी सायकलींसाठी डांबरी वाट झाली. आगगाडीला चढ झेपत नसे म्हणून वाटही सपाट, हे आमच्या वयाच्या गुडघ्यांवर रेल्वेखात्याचे थोर उपकार आहेत. जुन्या स्टेशनापासून निघायचं, लाकडी पुलावरून नदी ओलांडायची, चौदा किलोमीटरवरच्या बेकरीत व्हॅनिला स्लाइस खायची आणि परत यायचं. वसंतात मॅगपाय पक्षी पिल्लांच्या काळजीने माणसांच्या डोक्यावर झडप घालतात, म्हणून हेल्मेटवर प्लास्टिकच्या पट्ट्या उभ्या बांधाव्या लागतात. आमच्या दक्षिण गोलार्धात वसंत सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, आणि त्या दिवसांत आमच्याकडची प्रतिष्ठित माणसं साळिंदरासारखी दिसतात.

या वाटेवर नोरीन कायम शेवटची. सहाव्या किलोमीटरला सिनेटर नावाचा म्हातारा घोडा आहे, त्याला सफरचंद देण्यासाठी ती थांबणार. पुढे कुंपणाजवळ कुणाची कोकरं दिसली की थांबणार. समोरून कुत्रं येत असेल तर त्याच्या मालकाआधी त्याची चौकशी करणार. मी दर फाटकापाशी फाटक धरून उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, बाई चांगली आहे, पण वेग या विषयाशी तिचा काही संबंध नाही. हे माझं मत होतं आणि माझी मतं मी सहसा लेखी बदलतो.

त्या ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी बेकरीत तिने स्लाइस डाव्या हाताने खाल्ली.

"उजव्याला काय झालं?" रेन्झोने विचारलं.

"मनगट गेलं. तीन नोव्हेंबरला ऑपरेशन. हाडं एकमेकांना जोडून टाकणार. दुखणार नाही, पण वळणारही नाही."

"मग काय, सायकल चालवायला मनगट कशाला वळायला पाहिजे?" मी धीर दिला.

"मोटरसायकलला पाहिजे, मर्व. वेग तिथनंच येतो." तिने हवेत मूठ धरून पिळून दाखवली आणि तिचा चेहरा कळवळला. "सव्वीस तारखेला ट्रॅकवर माझा शेवटचा दिवस. मला ट्रॅकचं एक वर्तुळ दोन मिनिटांच्या आत पुरं करायचंय."

ट्रॅक डे म्हणजे शर्यतीचा ट्रॅक एका दिवसापुरता हौशी लोकांना खुला करतात. बक्षीस नाही, नंबर नाही, पोलीसही नाहीत. नवरा गेल्यापासून नोरीन वर्षातून चार वेळा "ट्रॅकवर" जाते एवढं आम्हाला ठाऊक होतं. बायका हिरवळीवर चेंडू घरंगळवत बाउल्स खेळायला जातात तसंच काहीसं असेल, अशी माझी समजूत होती.

"आत्तापर्यंत किती झालंय?" मी विचारलं.

"दोन मिनिटं आणि चार दशांश सेकंद. अकरा वर्षं त्या चार दशांशांच्या मागे आहे."

"चार दशांश म्हणजे कितीसं गं?"

"तू काटा तोंडाकडे नेतोस ना, तेवढं," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची पोरं वेळेवर पोचवणाऱ्या या बाईला स्वतःसाठी एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी तिच्याकडे एकच दिवस उरला होता. असं काही ऐकलं की मी लगेच काहीतरी जाहीर करतो, ही माझी जुनी खोड आहे.

"आम्ही येणार," मी म्हणालो. "नुसतं बघायला नाही. मीसुद्धा चालवणार!"

रेन्झोने कप खाली ठेवला. "तुझ्या त्या मोटरसायकलवर? तिला मागे भाजीचा क्रेट आहे."

"क्रेट निघतो," मी मानाने सांगितलं.

घरी लॉरेनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "विम्यात हे बसतं का?" शेजारचा क्लिफ कुंपणावरून म्हणाला, "वळणावर गुडघा बाहेर काढायचा असतो, मर्व." क्लिफने आयुष्यात गवत कापायच्या यंत्राखेरीज काही चालवलेलं नाही, पण पुढचे दहा दिवस तो मला रोज कुंपणावरून गुडघा काढून दाखवत होता.

मग आला फॉर्म. फॉर्म म्हटला की माझं रक्त सळसळतं. तरी तो दोनदा परत आला. एकदा सही चौकटीबाहेर गेली म्हणून, आणि एकदा "तातडीच्या वेळी कोणाला कळवावे" इथे मी लॉरेनचं नाव देऊन पुढे "रविवारी दुपारी चारनंतर" असं लिहिलं म्हणून. ती बाउल्सला जाते, त्याला मी काय करणार? तिसऱ्या खेपेला फक्त गट निवडायचा राहिला. तीन चौकोन होते: नवशिके, मधला, वेगवान. चाळीस वर्षं परवाना बाळगणाऱ्या माणसाने स्वतःला नवशिका म्हणवून घेणं बरं दिसत नाही. वेगवान म्हणणं हा उर्मटपणा झाला. मी मधल्या चौकोनात खूण केली. आमच्यासारखी माणसं जन्मभर दुसरीकडे कुठे खूण करतात?

सव्वीसला उजाडता उजाडता रेन्झोने माझी मोटरसायकल ट्रेलरवर चढवली आणि आम्ही ट्रॅकवर पोचलो; नोरीन तिची घेऊन आदल्या संध्याकाळीच गेली होती. मी त्याच्या मुलाचा कातडी सूट घातला होता. तो सूट वाकून बसलेल्या तरुण माणसासाठी शिवलेला होता, त्यामुळे मला धड उभं राहता येईना आणि धड बसता येईना. दुपारपर्यंत मी फरशीवर सुई शोधणाऱ्या माणसासारखा वावरलो.

तपासणीच्या टेबलापाशी गेलो. तपासनीस म्हणून समोर ग्रॅहम स्ट्रिंगर उभा होता. सत्तावीस वर्षांपूर्वी याच्या मोटार ठेवायच्या शेडच्या छपराचा अर्ज मी नामंजूर केला होता. छप्पर हद्दीबाहेर अकरा सेंटिमीटर जात होतं.

"मर्विन टॅपस्कॉट," तो चवीने म्हणाला. "परवाना खातं."

"निवृत्त झालो," मी म्हणालो.

"मी नाही झालो." त्याने चष्मा चढवला. "आरसे काढलेस, छान. दिव्याच्या काचेवर चिकटपट्टी आहे, छान. हेल्मेटवर हे काय उगवलंय?"

"मॅगपायसाठी आहे."

"ट्रॅकवर ज्या वेगाने माणसं जातात, त्यांच्यावर कुठला मॅगपाय झडप घालतो रे?"

"मी त्या वेगाने जाणार नाहीये."

"ते दिसतंच आहे," असं म्हणून त्याने एकेक पट्टी कात्रीने कापली. मग त्याने माझ्या इंजिन थंड ठेवायच्या टाकीचं झाकण उघडून बोट बुडवलं. ट्रॅकवर तिथे साधं पाणीच चालतं, कारण ते हिरवं द्रावण सांडलं तर मागचा घसरतो. मी पाणी भरलं होतं, पण ग्रॅहमला बोटावर हिरवी झाक दिसली. "धुऊन आण." मी धुऊन आणलं. "अजून." पुन्हा आणलं. "नियम म्हणजे नियम, मर्व." हे वाक्य त्याने सत्तावीस वर्षं जपून ठेवलं असावं, कारण ते माझंच होतं.

तिसऱ्यांदा मी नळाखाली टाकी धूत असताना तिकडे सगळ्यांना एकत्र बसवून सूचना दिल्या गेल्या. परत आलो तर त्या दिवसाची प्रमुख शेरिल कागद गोळा करत होती. "सूचना ऐकल्या व समजल्या" असं छापलं होतं. खाली रेघ होती. मी सही केली. एकतीस वर्षं लोकांना "वाचून सही करा" म्हणून दरडावलं, आणि स्वतः न ऐकता केली. हे मी आज इथे पहिल्यांदाच कबूल करतोय, लॉरेनलाही माहीत नाही.

प्रत्येक गटाला आळीपाळीने ट्रॅकवर वीस-वीस मिनिटांची फेरी मिळायची; आमच्या गटाच्या सकाळच्या पहिल्या दोन फेऱ्या मला सुटल्या, त्या टाकीपायी. पण त्यामुळे मी ट्रॅकच्या कडेच्या भिंतीपाशी रेन्झोजवळ उभा राहून बघू शकलो. समोरून एक निळी मोटरसायकल आवाजाची रेघ ओढत गेली, पुढच्या वळणावर एका कुशीवर झोपली, चालवणाऱ्याचा गुडघा जमिनीला टेकला, आणि ती तशीच, आडवीच, वळण संपेपर्यंत गेली.

"कोण रे हा पोरगा?" मी विचारलं.

"पोरगा?" रेन्झो म्हणाला. "नोरीन आहे ती."

मी आ वासून बघत राहिलो. सिनेटरला सफरचंद देणारी, फाटकापाशी मला ताटकळत ठेवणारी नोरीन! दर दोन मिनिटांनी ती यायची, प्रत्येक वेळी त्याच जागी ब्रेक दाबायची, त्याच जागी कलायची, जणू डांबरावर फक्त तिला दिसेल अशी एक वाट आखून ठेवली होती. कुठे घाई म्हणून नव्हती. बस वळवताना जितकी निवांत असेल तितकीच ती निवांत दिसत होती. चार वर्षं मी या बाईसाठी फाटकं धरली आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या सूटमध्ये काट्याला जागा नव्हती.

जेवणाआधीच्या फेरीत मी उतरलो. सुरुवातीचं अर्धं वर्तुळ तर मी मजेत होतो. केवढा तो रस्ता! समोरून कुणी येत नाही, बाजूला झाड नाही, विजेचा खांब नाही, नुसतं डांबर आणि पलीकडे आभाळ. मी ओरडलोसुद्धा. आणि तेवढ्यात मागून आवाज आले. गांधीलमाशांचं पोळं फुटावं तसे आवाज. आरसे काढलेले, म्हणून मी मान वळवून पाहिलं. पाच-सहा जण होते आणि सगळ्यांत पुढे निळी मोटरसायकल.

मी सभ्य माणसाने करावं तेच केलं. वेग कमी केला, डावीकडे सरकलो, डावा हात उंच केला आणि खूण केली, जा बाबांनो, पुढे जा.

ट्रॅकवर हात वर करण्याचा अर्थ असा होतो की माझी मोटरसायकल बिघडली आहे, मी थांबतोय, सांभाळा. शेरिलने हे सकाळी तीनदा सांगितलं होतं म्हणे. वळणावरच्या माणसाने पिवळं निशाण हलवलं. मागच्या सगळ्यांनी ब्रेक दाबले. त्यांतला एक दंतवैद्य मला चुकवायला गवतात शिरला आणि लांबलचक घसरून बसला. त्याला काही लागलं नाही, पण तो जे बोलला ते दंतवैद्याच्या तोंडी शोभणारं नव्हतं. लाल निशाण निघालं, रुग्णवाहिका निघाली, बावीस मोटरसायकली रांगेने परत आल्या आणि सर्वांत शेवटी मी आलो, अजूनही काय झालं ते न कळून, सगळ्यांना हात करत.

रेन्झोच्या हातात वेळेचा कागद होता. त्याने तो मला दाखवला नाही, पण मी वाचला. ट्रॅकच्या पाऊण भागापर्यंत नोरीन तिच्या आजवरच्या वेळेपेक्षा सहा दशांश पुढे होती. पुढचा पाव भाग मी हात वर करून पुसून टाकला होता.

ती भिंतीला टेकून बसली होती. मनगटाला बर्फ लावलेला. मनगट पावासारखं सुजलं होतं.

"नोरीन," मी म्हणालो, "मी..." भर मैदानात, त्या सूटमध्ये, मी रडलो. एकसष्ट वर्षांच्या माणसाचं असं हसं होताना आजूबाजूच्यांनी निदान पाठ फिरवली, एवढं त्या लोकांबद्दल सांगायला हवं.

"या हातात अजून एक फेरी आहे," ती म्हणाली. "जास्त नाही. शेवटची घेईन."

"मी भिंतीवर उभा राहीन. ट्रॅककडे फिरकणारही नाही."

"नाही. तू पण यायचं."

"वेडी आहेस का? मी पुन्हा आडवा आलो तर?"

"हे बघ मर्व. आपल्या खोऱ्याच्या घाटातून अठ्ठावीस वर्षं बस नेली मी. हळू जाणाऱ्यांचा मला कधी त्रास झाला नाही. हळू माणूस कुठे आहे ते दिसतं. त्रास व्हायचा तो मध्येच सभ्यपणा सुचणाऱ्यांचा." तिने बर्फ बाजूला केला. "तू इथे तोंड पाडून बसलास तर दर वर्तुळाला मला तेच तोंड दिसणार. आणि माझा शेवटचा दिवस तुझ्या लाजेचा दिवस म्हणून मला आठवायचा नाहीये. तू तुझ्या वाटेने जा. मागे बघू नकोस, सरकू नकोस, हात वर करू नकोस. मला वाट शोधता येते. तू जिथे असशील असं मला वाटतं, फक्त तिथेच अस."

शेरिलचा नकार ठरलेला होता. नियमाप्रमाणे मला घरीच पाठवायला हवं होतं. ती ग्रॅहमकडे वळली. ग्रॅहमने माझ्याकडे पाहिलं, मग नोरीनच्या मनगटाकडे पाहिलं, मग आपले कागद चाळले.

"याला सूचना मिळाल्याच नाहीत," तो म्हणाला. "मीच नळावर पाठवला होता." मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि सगळ्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याने मला एकट्याला वाचून दाखवल्या. "आता कर सही. अकरा सेंटिमीटर इकडेतिकडे नको."

शेवटच्या फेरीला पंधराएकजण उरलो होतो. मी माझ्या वाटेने निघालो. दंतवैद्य गेला, दोन तरुण पोरं गेली, निळी मोटरसायकल एकदा गेली. प्रत्येक वेळी मागून आवाज आला की माझा डावा हात आपोआप सुटायला बघायचा आणि मी मूठ आवळून धरायचो. पाचव्यांदा शेवटच्या वळणाशी आलो. ते लांबलचक डावं वळण. रेन्झोने भिंतीवरून फळी दाखवली होती, शेवटचं वर्तुळ. आणि मागून तो आवाज आला, आता मला ओळखीचा झालेला.

माझ्या अंगातला कणन् कण म्हणत होता, सरक डावीकडे, बाईमाणूस आहे, घाईत आहे. मी सरकलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मागून येत असताना मी माझ्या जागी राहिलो.

आणि ती डावीकडून आली. माझ्या आणि रस्त्याच्या काठाच्या मध्ये हातभर जागा होती, जिथे मी सरकणार होतो नेमकी तिथूनच. मोटरसायकल आडवी, गुडघा जमिनीवर, कोपर माझ्या बुटाच्या पातळीला. एक क्षणभर आम्ही शेजारी होतो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला गरज नव्हती, मी कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. ते सुजलेलं मनगट हळूहळू पिळत गेलं, मोटरसायकल उभी राहत गेली, आणि ती गेली. आमच्या चर्चमध्ये मी चाळीस वर्षं दर रविवारी डोळे मिटून बसलो आहे, पण मान आपोआप खाली जावी असं मला पहिल्यांदा तिथे झालं, आणि तिथे मान खाली घालणं नियमात बसत नव्हतं.

आत आलो. ग्रॅहमने कागद आणला. नोरीनला चष्म्याशिवाय जवळचं दिसत नाही, म्हणून त्याने वाचला. "एक मिनिट, एकोणसाठ, आठ दशांश." मग तपासायची सवय म्हणून त्याने पुन्हा वाचला. तेवढंच होतं. नोरीनने हातमोजा काढायला म्हणून हात पुढे केला, तिला तो काढता येईना, आणि रेन्झोने आणि मी दोघांनी मिळून एकेक बोट सोडवत तो काढला.

ऑपरेशन झालं. कोपरापर्यंत प्लास्टर घालून ती डिसेंबरातल्या पहिल्या गुरुवारी जुन्या स्टेशनावर हजर. एका हाताने सायकल धरता येत नाही, म्हणून रेन्झोने कुणाची तरी दोघांची जोडसायकल मागून आणली. पुढे मी, मागे ती, गळ्यात सफरचंदांची पिशवी. सिनेटरपाशी थांबलो. कोकरांपाशी थांबलो. निळी मोटरसायकल तिने त्या दंतवैद्याला देऊन टाकली होती आणि त्याबद्दल ती एकच वाक्य बोलली, "चांगल्या हातात गेली, घसरला तरी सोडत नाही."

पुलाच्या अलीकडे मागून घंटी वाजली. कुणीतरी घाईत होतं. मी डावीकडे सरकायला लागलो, आणि माझा डावा हात, एकसष्ट वर्षांच्या सवयीने, वर निघाला.

मागून प्लास्टर घातलेला हात माझ्या पाठीत बसला.

"मर्व," नोरीन म्हणाली, "सरळ."